पुनाभाऊंची दुपारची झोप

मंडळी, दुसऱ्याचा आळस आपल्याला किती पटकन दिसतो! जळगावातल्या एका डाळमिलच्या रोनकशेठला तर तो भिंतीवर टांगावासा वाटला.

त्याने जुन्या बाजारातून दोन विलायती चित्रं आणली, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. एकात टोपीवाला विणकर मान मोडून मागावर राबतोय. दुसऱ्यात तसाच एक जण भरदुपारी घोरतोय, मांजर त्याचा धागा विस्कटतंय आणि दारात मालक छडी उगारून उभा. रोनक रोज अकराला यायचा, गादीवर रेलायचा आणि कामगारांना या चित्रांचा बोध सांगायचा. प्रवचन अर्धा तास चाले. तेवढा वेळ सगळ्यांचं काम बंद!

मे महिन्यात एका दुपारी त्याला बावीस वर्षं मिलमध्ये राबणारा हमाल पुना पोत्यांवर झोपलेला सापडला.

"पुनाभाऊ, हे तर ते दुसरं चित्र! उद्यापासून येऊ नका."

पुना उठला. टॉवेल खांद्यावर टाकून निघाला, डबा तिथेच विसरला. त्याची लेक सुलक्षणा धुळ्याला नर्सिंग शिकत होती, तिचं शेवटचं वर्ष होतं, फी याच मजुरीतून जायची.

डाळ निवडणाऱ्या प्रमिलाबाईंना राहवलं नाही. "शेठ, या टोपीवालास्ना गावमा वैशाखनं ऊन पडस का?"

"नाही, तिथे बर्फ पडतो."

"मंग? पुनाभाऊ पाचले येस, तुम्ही अकराले येतस. तुमले त्यानी झोपच दिसस, काम कोठून दिसी?"

रोनकला हे झोंबलं. "पाचला यायला काय लागतं? उद्या मीच पुनाभाऊंचं काम करून दाखवतो!"

आणि खरंच तो पहाटे पाचला हजर झाला. साल सुटावं म्हणून तेलपाणी लावलेली तूर मिलच्या अंगणात पसरायची आणि पायांनी वरखाली करत फिरायचं. नऊला सदरा भिजला, अकराला तळपाय पोळले. बाराला "दोनच मिनिटं" म्हणून तो पोत्यांवर टेकला आणि एकला असा घोरत होता की प्रमिलाबाईंच्या सुपातली डाळ थरथरावी!

आपला डबा न्यायला पुना तेवढ्यात आला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, कुणी फोटो काढायला मोबाइल काढला. पुनाने हात आडवा धरला. "झोपू द्या त्यासले! आज पहाटे पाचले उठेल शेतस." आणि स्वतःचा टॉवेल त्याने रोनकच्या तोंडावर उन्हाच्या आडोशाला धरला.

रोनक अर्धवट जागा झाला होता. त्याने सगळं ऐकलं. तो उठला तेव्हा त्याला पुनाकडे बघवेना.

"पुनाभाऊ, चुकलो! माझ्या झोपेला तुम्ही सावली धरलीत आणि तुमच्या झोपेपायी मी तुम्हाला घरी बसवत होतो. डबा ठेवा परत. उद्या या."

"येसू," पुना म्हणाला, "पन दुपारले झोपसू."

"झोपा! उन्हाळाभर बारा ते तीन सगळ्यांनीच झोपा!"

तेव्हा मंडळी, कुणालाही आळशी म्हणण्याआधी एवढंच विचारा, तो उठला किती वाजता आणि आपण किती वाजता!