दोनदा वाचायची ओळ

"हे छत्तिसावं पत्र," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "हा म्हणतो बाहेरचा कंस हवाच. त्याच्या आधीचा म्हणतो, बाहेरचा कंस म्हणजे सदऱ्यावर सदरा. ऐकताय ना?"

काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होते. उजवा हात काकूंनी सकाळी मांडीवर ठेवला होता, तो तसाच होता. डावा मात्र खुर्चीच्या दांड्यावर सारखा आपटत होता.

संगणकाच्या सगळ्यांत आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात, हे काकूंना लग्नानंतर कळलं. तो म्हणे जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि लिहिण्यापेक्षा त्यावरून ई-मेलवर भांडतात जास्त. काकांच्या वाट्याला त्यातली एक फाईल होती. तापमान मोजणाऱ्या एका जुन्या चिपचं म्हणणं संगणकाला कळावं म्हणून लिहिलेल्या चारशे ओळी. नोकरी वेगळीच होती, ही घरची हौस. पण एकवीस वर्षं त्या चारशे ओळींना कुणी बोट लावायचं म्हटलं की काका बाह्या सरसावून बसायचे. एकदा एका स्वल्पविरामावरून त्यांनी अडीच आठवडे वाद घातला, आणि जिंकल्यावर पोटभर जेवून दुपारभर झोपले. काकू तेव्हा शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटी आखूड करत होत्या. इतकं भांडण लेंग्याच्या नाडीवरूनही होत नाही, असं त्या म्हणाल्याचं सगळ्या घराला पाठ होतं.

सात महिन्यांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची भांडणं मिटली. शब्द गेले नव्हते, पण वेळेवर येत नव्हते. आधी मागचाच शब्द बाहेर पडायचा. गोळी दिल्यावर "खिडकी लावू का?" विचारलं तर उत्तर यायचं, "गोळी." जरा थांबून तेच पुन्हा विचारलं की मग, "नको." पहिलं उत्तर सोडायचं आणि दुसरं धरायचं, हे काकूंनी दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना ते अजिबात पसंत नव्हतं. "एकदाच विचारत जा हो. सारखं विचारलं की पेशंट खचतो," त्या बजावायच्या. काकू मान डोलवायच्या आणि बाईंची पाठ वळली की दोनदा विचारायच्या.

आता एका नव्या हौशी पोराने काकांच्या फाईलमधला एक मॅक्रो साफसूफ करायला घेतला होता. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला मजकूर, पुढे नुसतं त्याचं नाव घेतलं की सगळा तिथे उतरतो. या मॅक्रोत एकच गोष्ट लागोपाठ दोनदा आली होती. नियमाप्रमाणे ते वाईट, म्हणून त्याने ती एकदाच ठेवली. त्यावर चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं. कंस किती घालायचे, ओळ कुठे तोडायची, नाव मोठ्या अक्षरांत हवं की लहान. मुळात ते दोनदा का लिहिलंय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. शेवटी कुठला बदल घ्यायचा हे ठरवणाऱ्या प्रमुखांनी कळवलं होतं की शुक्रवारी दुपारी बदल घेतला जाईल, फाईल सांभाळणाऱ्यांचं काही म्हणणं असलं तर त्याआधी सांगावं. आज बुधवार होता.

"तुमचं म्हणणं आहे का काही?" काकूंनी विचारलं.

"कंस," काका म्हणाले.

काकूंनी हातातल्या पँटची चेन उसवून होईपर्यंत वाट पाहिली. "तुमचं काही म्हणणं आहे का?"

काकांचा चेहरा लाल झाला. "जुनं," ते म्हणाले. "आधी... जुनं. मग खरं." आणि डाव्या हाताने दांड्यावर दोनदा ठोकलं. थांबून पुन्हा दोनदा.

काकूंच्या हातातली पँट तशीच राहिली. आधी जुनं, मग खरं. सात महिने त्या अशीच उत्तरं देणाऱ्या माणसाबरोबर राहत होत्या. त्यांनी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या शहरात याच धंद्यात होती. तिने फाईल उघडली आणि तो मॅक्रो वाचला.

"आई, अगं बाबांनी मुद्दाम केलंय हे! ती चिप झोपेतून उठली की पहिल्यांदा मागचाच आकडा देते. दुसऱ्यांदा वाचलं की खरा. हा एकदाच वाचायला लागला तर फ्रिज गरम झालेला असेल आणि आकडा दाखवेल थंड."

"कसला फ्रिज?"

"अशा चिपा रक्त ठेवायच्या फ्रिजांत असायच्या. लशींच्यासुद्धा. अजून कुठेकुठे असतील, कोण मोजतंय. पण बाबांनी वर एक ओळ तरी लिहायची ना, की बाबांनो, हे असंच राहू द्या!"

हेच त्या काकांना दहा वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. तेव्हा काका हसून म्हणाले होते, "ज्याला कळत नाही त्याने हात लावू नये. आणि मी आहे की सांगायला."

लेकीने मजकूर सांगितला आणि काकूंनी तो एका बोटाने टाइप केला. खाली स्वतःहून एक ओळ घातली: यांना बोलता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

गुरुवारी उत्तरं आली. अशी गोड उत्तरं काकांना एकवीस वर्षांत कुणी दिली नव्हती. एकाने लवकर बरं वाटो म्हटलं. त्या नव्या पोराने तर पाच ओळी नुसत्या आदराच्या लिहिल्या आणि सहाव्या ओळीत विचारलं की पुरावा मिळेल का. त्याच्याकडे चिप नव्हती. चिपची नक्कल करणारा प्रोग्राम होता, आणि त्यात दोन्ही आकडे सारखेच येत होते. चिपचं माहितीपत्रक, निदान खऱ्या चिपवर घेतलेले आकडे, काहीतरी दाखवा, तो म्हणत होता. कंपनी बंद होऊन बारा वर्षं झाली होती.

"आई, बाबांच्या खोक्यात ती चिप बसवलेलं हिरवं बोर्ड असेल बघ," लेक फोनवर म्हणाली. "कपाटाखालचं खोकं. मी उद्या येते, जोडते, दहा मिनिटांचं काम."

काकूंनी कपाटाखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"आई?"

"ते खोकं गं... चाकांची खुर्ची फिरायला जागा नव्हती. भंगारवाल्याला देऊन टाकलं मी. एप्रिलमध्येच."

लेक म्हणाली, "असू दे. तुला काय माहीत." ते तिने इतक्या हळू म्हटलं की काकूंना रडूच फुटलं. काका समोर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं.

लेकीने स्वतःच्या नावाने तीन पत्रं लिहिली. काकांच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणाली, निदान महिनाभर थांबा म्हणाली. प्रमुखांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. नियम सगळ्यांना सारखा, उद्या कुणीही उठून म्हणेल की आमच्या वडिलांनी सांगितलंय. ते चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. भांडावं तर समोर एकही वाईट माणूस नव्हता. तोवर बाकीचे पुन्हा बाहेरच्या कंसाकडे वळले होते.

शुक्रवारी दुपारी शेवटचं पत्र आलं. काकूंनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. बदल घेतला होता. कंस एकच ठेवला होता. आणि फाईल सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काकांचं नाव काढून ते कृतज्ञतेच्या यादीत घातलं होतं, जिथे सोडून गेलेल्या आणि वारलेल्या लोकांची नावं असतात. एकवीस वर्षांच्या कामाबद्दल सर्वांच्या वतीने आभार, असं लिहिलं होतं.

काका खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. त्यांचा डावा हात दांड्यावर होता, पण आता आपटत नव्हता.

"फार लागलं का हो मनाला?" काकूंनी विचारलं.

"आभार," काका म्हणाले.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, किती छान उत्तर दिलं. काकू उठल्या, त्यांनी शिवणयंत्राचं बटण बंद केलं आणि स्टूल ओढून काकांच्या जवळ नेलं. घसरलेला उजवा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. समोरच्या गच्चीवरची शेवटची चादर वाळत घालून झाली.

"फार लागलं का मनाला?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो," काका म्हणाले.