कमानीचं माप

सांडूची पिकअप उंच झाली आणि बन्सीच्या पोटात दुखायला लागलं. औषधानं बरं होईल असं ते दुखणं नव्हतं. सांडू त्याचा धाकटा चुलतभाऊ. दोघांची घरं भिंतीला भिंत लावून, आणि दोघांच्याही पिकअप रोज पहाटे फर्दापूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावातून भाजीपाला भरून संभाजीनगरच्या मंडईला निघायच्या. दोन्ही गाड्या सारख्या होत्या तोवर बन्सी सुखात होता. आता सांडूची गाडी शेजारी उभी राहिली की बन्सीची गाडी मांडी घालून बसल्यासारखी दिसायची. म्हणून तो ती दारात न लावता गोठ्यापलीकडं लावायला लागला.

एरवी तो आतल्या आत जळत गप्प बसला असता. पण गावात देवीची नवी मूर्ती यायची होती. शहरातून गाडीत बसवून, वेशीतून वाजतगाजत तिला देवळात न्यायचं, आणि ज्याच्या गाडीतून देवी येईल त्याच्या घरच्या बाईनं पहिली ओटी भरायची, असं ठरलं होतं. देवस्थानाचे जुने पंच काकासाहेब पारावर म्हणाले, ज्याची गाडी उंच त्याच्या गाडीत देवी बसवू, मागच्या माणसालाही दर्शन घडलं पाहिजे. सगळ्यांनी सांडूकडं पाहिलं. बन्सीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. सांडूची बायको द्वारकाबाई पुढं उभी आणि आपली वच्छलाबाई मागं रांगेत, हे काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. खुद्द वच्छलाबाईला याचं काहीच वाटत नव्हतं, पण नवऱ्याच्या जळफळाटाला बायकोची परवानगी थोडीच लागते.

दुसऱ्या दिवशी भाजी उतरवली आणि बन्सीनं गाडी थेट शहरातल्याच उस्मानपुऱ्यात लक्ष्मण मिस्त्रीच्या गॅरेजात घातली. मिस्त्रीचं काम एकच, गाड्यांच्या कमानी. कमान म्हणजे चाकांजवळ एकावर एक रचलेले पोलादी पाटे, गाडीचा सगळा भार झेलणारे. सांडूची गाडीही त्यानंच उचलली होती. बन्सीनं पहिला प्रश्न तोच विचारला, की सांडूच्या गाडीला काय केलं. मिस्त्री म्हणाला, नुसते गुटके टाकले. कमान आणि अॅक्सलच्या मध्ये लोखंडी गुटका बसवला की गाडी वर उचलली जाते, माल भरला की पहिल्यासारखी दबते, आणि नको झाला की दुपारच्या दुपारी काढून टाकता येतो. दुसरा मार्ग जादा पाटे चढवण्याचा. त्यानं कमान ताठ होते, कितीही भरा, बसत नाही. पण रिकामी गाडी खड्ड्यात दगडासारखी आदळते, आणि पाटे काढायचे तर सगळी कमान खोलावी लागते. भाजीच्या गाडीला गुटके पुरे, टमाट्यांचा रस्सा घेऊन मंडईत जायचं असेल तर पाटे टाका, असं मिस्त्रीचं म्हणणं पडलं.

“दोन्ही टाक,” बन्सी म्हणाला. “सांडूच्या वर चार बोटं पायजे. आन माल भरला तरी बसाय नको.”

“बारा माणसं चढू द्या, बसली तर नाव बदला,” मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

काम दिवसभर चाललं. मागची बाजू उचलली तर गाडीनं पुढं नाक खुपसलं, म्हणून पुढच्या कमानींनाही पाटे चढवले. ब्रेकचा पाइप ताणला गेला, तो बदलून लांब घातला. मग बन्सी चालवायच्या जागी बसला की गाडी त्या अंगाला कलायला लागली, कारण बन्सी अंगानं भरलेला. मिस्त्रीनं त्याला तिथंच बसवून ठेवलं आणि गुटके बदलून बदलून दोन्ही बाजू सारख्या केल्या. असा तो ताटकळत बसलेला असताना वच्छलाबाईचा फोन आला. किती उंच करताय, असं तिनं विचारलं. सांडूच्या वर, एवढंच त्यानं सांगितलं.

“आन कमानीचं माप घेतलं का?” तिनं विचारलं.

बन्सीला बरं वाटलं. चला, बायकोलाही गाडीतलं कळायला लागलं. “मिस्त्री तेच करतोय,” तो म्हणाला. “टेप घिऊनच बसलाय.”

“मिस्त्रीला काय म्हाईत?” ती म्हणाली.

त्यालाच तर माहीत, असं हसून बन्सीनं फोन ठेवला.

रविवारी काकासाहेबांनी दोन्ही गाड्या पारापुढं शेजारी उभ्या करवल्या. बन्सीची गाडी बरोबर चार बोटं वर निघाली. बन्सीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सांडू तोंड पाडेल, निदान चार शब्द वाकडे बोलेल, म्हणून त्यानं मुद्दाम त्याच्याकडं पाहिलं. सांडू गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “लई झ्याक झाली दादा.” जिंकूनही बन्सीला गोड लागेना. सांडूनं मात्र, मान गेला तर आता ती उंची काय चाटायची आहे, मोटारीत चढताना आईचे गुडघे दुखतात, असं म्हणून दुसऱ्याच दिवशी आपले गुटके काढून टाकले.

मूर्ती आली तो दिवस मात्र बन्सीचा होता. हौद्यात चौरंग, चौरंगावर देवी, वर झेंडूचं मखर. हलगी कडाडत होती, बाया पुढं कळश्या घेऊन चालत होत्या, आणि उंच गाडीत स्टिअरिंगवर बसलेला बन्सी मागं रांगेतल्या सांडूच्या गाडीकडं आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता. त्यामुळं गाडी वेशीशी पोचली तरी त्याचं पुढं लक्ष नव्हतं. मखराचा शेंडा वेशीच्या दगडाला कट्ट करून लागला आणि झेंडूची फुलं त्याच्या काचेवर पडली.

त्या वेशीला गावात कुणी वेस म्हणत नाही. सगळे कमान म्हणतात. भाजीच्या गाड्या रोज शाळेमागच्या वाटेनं जातात, म्हणून बन्सीला तिची आठवण राहिली नव्हती. वच्छलाबाईला होती. डोक्यावर कळशी घेऊन ती गाडीच्या दाराशी आली.

“मी इचारलं व्हतं तुमाला,” ती हळूच म्हणाली. “कमानीचं माप घेतलं का म्हणून.”

कुणी म्हणालं शाळेमागून न्या, तर काकासाहेब म्हणाले, देवी मागल्या दारानं येत नसते. मखर काढलं, तरी देवीचा मुकुट दगडाला अडायला लागला. चाकांतली हवा सोडली, तरी दोन बोटांचं अंतर राहिलंच. मग गाडी दाबायला माणसं हौद्यात चढली. आधी पाच, मग दहा, मग जागा होती तेवढी. गाडी तसूभर खाली बसली नाही. लक्ष्मण मिस्त्री शब्दाचा पक्का होता.

देवी एकदा गाडीत बसली की देवळाच्या पायरीपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, अशी गावाची रीत. तेव्हा एकच उपाय उरला. सांडूनं आपली गाडी उलटी आणून बन्सीच्या गाडीला लावली, मागच्या फाळक्याला फाळका, मध्ये फळी टाकली, आणि देवी चौरंगासकट वरून खाली, सांडूच्या हौद्यात उतरली. बन्सी बाजूला उभा राहून बघत होता. गेला मान, त्याच्या मनात आलं, आणि गेला तोही याच्याकडंच. सगळ्या गावासमोर रडू फुटेल की काय अशी त्याला भीती वाटली.

सांडू त्याच्याजवळ आला आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

“दादा, तूच चालव. देवी तुह्या हातानं यायची व्हती. तुही गाडी मी मागून घिऊन येतो.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. बन्सी सांडूच्या गाडीत बसला आणि देवी कमानीखालून अलगद आत गेली. देवळाशी द्वारकाबाईनं वच्छलाबाईचा हात धरून तिला पुढं ओढलं, आणि पहिली ओटी वच्छलाबाईनंच भरली. बन्सीनं जे जे मागितलं होतं ते सगळं त्याला मिळालं. फक्त ते सांडूनं दिलेलं होतं. चारी बाजूंनी लोक म्हणत होते, मन असावं तर सांडूसारखं. बन्सी खाली मान घालून ऐकत होता, आणि पोटातलं दुखणं आता छातीपर्यंत आलं होतं. सांडूची गाडी उंच असती तर आपलीही उंच करता आली असती. याला काय करावं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून तो पुन्हा उस्मानपुऱ्यात गेला. सगळे पाटे खोल, म्हणाला. मिस्त्रीनं पान्हा हातात घेतला आणि विचारलं, किती खाली घ्यायची.

“सांडूच्या खाली,” बन्सी म्हणाला. “चार बोटं.”