मधली मोकळी वाट

भास्कररावांचं सगळंच जॅम व्हायचं. खिडकी उघडली नाही की जॅम, गुडघा धरला की जॅम, पोट साफ झालं नाही तरी जॅम. त्यामुळे पुण्याहून महिनाभरासाठी आलेले हे सासरे त्या सकाळी सोफ्यावर छाती चोळत म्हणाले, "मीनल, इथे जॅम झालंय गं," तेव्हा तिने त्यांना ओवा दिला. ओवा! पाच मिनिटांत त्यांचा बनियन घामाने चिंब झाला, आणि डावा हात उचलेना.

जर्मनीत सहा वर्षं काढलेल्या बाईने काय करावं? इमर्जन्सीचा नंबर, एकशे बारा, लावावा. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं आधी आपल्या गावाला पळतं. पुण्यात अँब्युलन्सची वाट बघत कोण बसतं? पेशंट गाडीत घालायचा आणि सुटायचं. नवरा, चारुदत्त, नेकारसुल्मला ऑफिसात. तिने बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि आउटोबान, म्हणजे इथला हायवे, गाठला. हॉस्पिटल जेमतेम बारा मिनिटांवर होतं.

चौथ्या मिनिटाला श्टाऊ लागला. पुढे गाड्याच गाड्या, सगळ्या ठप्प. आता मात्र तिने एकशे बारा लावला. कडेच्या निळ्या पाटीवर किलोमीटर चौदा होता, तो सांगितला.

"गेनाऊ, बरोबर," पलीकडची बाई शांतपणे म्हणाली. "गाडी कडेला घ्या, चारही दिवे लावा आणि तिथून हलू नका. आमची माणसं निघालीत."

इथे गाड्या तुंबल्या की लोक आपापल्या गाड्या दोन्ही कडांना सरकवतात आणि मधून रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवतात. लायसन्सच्या परीक्षेत यावरचा प्रश्न मीनलने बरोबर सोडवला होता. ती वाट आता समोर लांबपर्यंत रिकामी दिसत होती.

"अगं, रस्ता मोकळा आहे की! घाल ना गाडी," भास्करराव धापा टाकत म्हणाले.

"बाबा, ती अँब्युलन्ससाठी आहे."

"मग मी काय सहलीला निघालोय?"

तीन मिनिटं गेली. तीनच, पण तिला युग वाटलं. बाबांचे ओठ राखाडी पडले, आणि तिचा धीर सुटला. तिने गाडी मधे घातली. दोन्हीकडून हॉर्न बोंबलले, कुणीतरी काचेवर थाप मारली, तिने ॲक्सिलरेटर सोडला नाही. दोन किलोमीटर गेल्यावर मधेच एक ट्रक आडवा उभा होता. पुढे जाणं नाही, मागे वळणं नाही.

तेवढ्यात मागून सायरन आला. जवळ आला, आणि थांबला.

बाजूच्या पाटीवर सोळा होता. अरे देवा! ती माणसं चौदावर उतरून तिची गाडी शोधत होती.

"आली का गं?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आली बाबा, आली."

"मग येत का नाही?"

तिने पुन्हा फोन लावला. सहा वर्षांचं जर्मन कुठल्या कुठे गेलं, नुसतंच "सेख्त्सेन, सेख्त्सेन" म्हणून ती ओरडत राहिली. सोळा, सोळा. सायरन पुन्हा सुरू झाला तोवर भास्कररावांची मान खाली पडली होती.

नारिंगी कपड्यांतल्या माणसांनी त्यांना रस्त्यावरच आडवं केलं आणि छाती दाबायला घेतली. मीनल कठड्याला धरून उभी राहिली. माझं काय हवं ते घे, पण यांना ठेव, एवढंच ती म्हणत होती.

बाबा वाचले. दुपारी डॉक्टर म्हणाले, दोन ब्लॉकेज काढलीत, पण हृदयाचा बराचसा भाग गेला. आता जिना चढणं विसरा. दहा मिनिटं आधी उपचार मिळाले असते तर... आणि खांदे उडवून ते निघून गेले.

चारुदत्त कॉरिडॉरमध्ये फोनवर होता. पुण्याला त्याची आई, स्नेहलताबाई. "अगं, मीनलने एक मिनिट वाया घालवलं नाही. स्वतः गाडी काढली, अख्ख्या श्टाऊमधून घातली. ती होती म्हणून बाबा आहेत!"

पलीकडचं रडणं आणि आशीर्वाद मीनलला इथवर ऐकू येत होते. कुणाला काही कळणार नव्हतं. डॉक्टरला किलोमीटर माहीत नव्हते, बाबांना काही आठवत नव्हतं. गप्प बसलं की झालं. सकाळी ती बाबांसाठी घाबरली होती, आता स्वतःसाठी घाबरली, आणि त्याची तिला लाज वाटली.

"चारू, फोन दे इकडे."

त्याने कौतुकाने तिच्या पाठीवर हात ठेवून फोन दिला.

"आई," ती म्हणाली, "मला तिथेच थांबायला सांगितलं होतं."