जाळीचे दुसरे टोक

उजाडले की त्या घरात आधी उजेड शिरे आणि मग आवाज. खिडक्यांना पडदे नसल्यामुळे उन्हाची पट्टी प्रथम भिंतीवर, मग शिवणयंत्रावर आणि शेवटी तिच्या पापण्यांवर येई. ती उठे, पांघरुणाची घडी करी, शेजारच्या रिकाम्या पलंगावरची न विस्कटलेली चादर पुन्हा एकदा ताणून घेई. चहाचे आधण ठेवताना हात सवयीने दोन कपांकडे जाई. मग त्यातला एक फळीवर पालथा पडे. आजही तसेच झाले. चहा संपवून ती एका गिऱ्हाइकाच्या पँटची उसवलेली शिवण घालायला बसली.

समोरच्या शेजारणीने आपल्या खिडकीतूनच विचारले, "आज आणि मशीनवर? मैदानावर जायचंय ना?"

"बघू."

"बघू काय! सगळा गाव लोटणार आहे तुमच्या सरांसाठी. आणि त्या खिडक्यांना आता तरी पडदे लावा हो. तुमच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी मला इथून कळतं."

ती कसनुशी हसली. पडदे तिनेच शिवलेले होते आणि तिनेच ट्रंकेत टाकले होते.

दुपार कलल्यावर दारात 'भिंत' उभा राहिला. हे नाव त्याला सरांनी दिलेले. तो शाळेच्या संघाचा गोलकीपर होता, आणि "भिंत खरी, पण दार कायम उघडं," असे सर म्हणत. आता त्याचे चष्म्यांचे दुकान होते आणि पोट पुढे आले होते. सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या सामन्यात मात्र तो गोलमध्येच उभा राहणार होता.

"काकू, गाडी आणलीय. आधी भाषणं, मग मॅच. कप तुमच्या हातून द्यायचा, आणि दोन शब्द बोलायचे. शेवटी शेवटी सर आमची आठवण काढायचे का, असं काहीतरी. लोकांना बरं वाटेल."

"इथंच तर घोडं पेंड खातं." तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले. "नव्हते काढत. तुमची नाही आणि माझीही नाही. मला 'बाई' म्हणायचे. ज्यांनी उभा जन्म नद्या आणि पर्वत शिकवले, त्यांना न्हाणीघर कुठंय ते सांगावं लागायचं. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलणार ना, ते मला शेवटी भेटलेच नाहीत रे. दीड वर्ष मी एका परक्या माणसाला भरवलं. हे बोलू माइकवर? की खोटं बोलू?"

भिंत खुर्चीच्या कडेवर बसला. त्याने खिडक्यांकडे पाहिले. "पडदे धुवायला काढलेत?"

"यांच्यामुळे काढले. दिवस कलला की खुर्चीवर चढून पडदे खाली ओढायचे. नाड्या तुटायच्या, मी पुन्हा शिवायचे. पडतील म्हणून जीव टांगणीला. डॉक्टर म्हणाले, अर्थ शोधू नका, हा आजारच असा. शेवटी सगळे काढून ट्रंकेत भरले. तर मग उघड्या खिडकीसमोर उभे राहून हातांनी चाचपडायचे."

"ओढलेले पडदे फेकून द्यायचे?"

"छे, घडी घालायला बघायचे. पण एकट्यानं नाही. एक टोक माझ्यापुढं धरून उभे राहायचे. आणि विचारायचे, 'गेले का ते?' मी म्हणायचे, कोण ते? कुणी आलंच नव्हतं."

भिंतीने चष्मा काढला. तो काच पुसू लागला.

"काकू, तुम्ही कधी मैदानावर आला नव्हता का?"

"मैदान म्हणजे माझी सवत. यांना कायम हेच म्हणायचे मी. सवतीच्या घरी कोण जातं? जर्सीवरचे आकडे शिवून दिले, तेवढा संबंध."

"आमच्यात एक रीत होती," तो म्हणाला. "गोलच्या जाळ्या जिंकलेल्यांनी उतरवायच्या. हरलेल्यांनी बॅगा उचलून घरी जायचं. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत नाचायचं नाही, ओरडायचं नाही. हरलेल्या माणसाला रस्ता मोकळा मिळाला पाहिजे, म्हणायचे सर. जाळी एकट्याला आवरत नाही, गुंता होतो. एक टोक सरांच्या हातात, दुसरं कॅप्टनच्या. आणि घडी घालता घालता सर विचारायचे..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. तिला त्याची गरज नव्हती.

"मी टोक हिसकावून घ्यायचे," ती म्हणाली.

"माझं चुकतही असेल, काकू."

"असेल." ती उठली आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या चपला तिने पायात घातल्या. "चल."

मैदान तिला वाटले होते त्याहून लहान होते. भाषणे लांबली. एकाने सांगितले की ज्वालामुखीचा धडा शिकवताना सरांनी भरवर्गात शिट्टी फुंकली होती, लोक हसले. सगळ्यांनी चषक मोजले, घडवलेले खेळाडू मोजले. जाळीबद्दल कोणी बोलले नाही. सरांचे विद्यार्थीही आता पोक्त झाले होते. काय काय लक्षात ठेवणार?

सामना दमलेल्या माणसांचा झाला. भिंतीचे दार दोनदा उघडले, तरी त्याचा संघ जिंकला. शेवटची शिट्टी होताच जिंकलेले आरडाओरडा करत, एकमेकांच्या खांद्यावर चढत मांडवाकडे धावले. हरलेले बाजूला बसून बूट सोडत होते. त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

"सरांच्या पत्नींनी कृपया व्यासपीठावर यावं," ध्वनिक्षेपक म्हणाला.

ती उठली आणि उलट दिशेने चालू लागली. कोणाला वाटले, चुकल्या. कोणी हाक मारली. ती मैदान ओलांडून दूरच्या गोलपाशी गेली. खालच्या गाठी तिने वाकून सोडवल्या. धाग्याशी जन्म गेलेल्या बोटांना त्या जड गेल्या नाहीत. वरच्या दांडीपर्यंत मात्र हात पोहोचेना.

भिंत अर्ध्या वाटेवरून परत आला. त्याने वरचे बंध सोडले. जाळी खाली आली. ती धुळकट होती आणि वाटली होती त्याहून जड. एक टोक हातात घेऊन तो मागे मागे गेला, आणि उरलेले टोक तिने दोन्ही हातांनी धरले.

ध्वनिक्षेपकाने पुन्हा पुकारले.

"गेले का ते?" तिने विचारले.

त्याने फाटकाकडे पाहिले. "अजून नाही. एक जण बॅग भरतोय."

"मग थांबू."

संधिप्रकाशात जाळी ताणून धरून दोघे उभे राहिले. शेवटचा माणूस मान खाली घालून फाटकाबाहेर पडला, तेव्हा ती आपले टोक घेऊन भिंतीच्या हातातल्या टोकाकडे चालू लागली.