गोजरा दगडावर होती तेव्हा

मित्रांनो, दगड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे देवळाची पायरी येत असेल, नाही तर शेंदूर लावलेला म्हसोबा. मी यांतला कुणीच नाही. मी छापखान्यातला दगड आहे, जुना, पिवळसर, अंगानं गुळगुळीत. माझ्या अंगावरून कितीतरी पुस्तकं निघाली, आणि त्यांतलं एकही मला वाचता आलं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका खाणीतला. मला कापलं, घासलं, पेंढ्यात गुंडाळून जहाजात घातलं. डोळे उघडले तेव्हा मी हैदराबाद शहरात होतो. तिथल्या छापखान्यात माझ्यावर उर्दू इश्तिहार, म्हणजे जाहिराती, छापत. तेलकट शाईनं कागदावर लिहायचं, तो ओला कागद माझ्या अंगावर दाबायचा, की अक्षरं कागद सोडून माझ्याकडे येत. पण येताना ती उलटी होत. मग मला पाणी पाजायचं, वरून शाईचा रूळ फिरवायचा. जिथं तेल तिथं शाई बसे, जिथं पाणी तिथून ती पळून जाई. कागद ठेवून यंत्र दाबलं की अक्षरं पुन्हा सरळ होत आणि निघून जात. माझ्याकडे होती तोवर उलटी, सरळ झाली की परकी! हा काय प्रकार आहे, ते मला तेव्हाही उमगलं नाही.

आणि काम संपलं की मला घासत. ओली वाळू टाकून दुसऱ्या दगडानं गोल गोल घासत, लिहिलेलं सगळं जाईपर्यंत. लोक म्हणत, "वा! काय साफ झाला!" ही माझी स्तुती होती की काय होतं, हेही मला कधी कळलं नाही.

घासून घासून मी पातळ झालो, तसं शहरातल्या मालकानं मला विकून टाकलं. मालगाडीत बसून मी जालन्याला आलो. मला घेणाऱ्याचं नाव धर्मराज. तो हसनाबादचा. घरची शेती भावांवर सोपवून त्यानं जालन्यात एक खोली घेतली होती, एक हातयंत्र आणलं होतं आणि पुस्तकं काढायचं मनावर घेतलं होतं. दारावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'कणीस पुस्तकमाला'. गावचे लोक बाजाराला आले की दारात थांबून विचारत, "धर्मा, हितं ज्वारी मिळती काय रे?"

लिहायचं धर्मराजनं, छापायचं धर्मराजनं, आणि घड्या घालून शिवायचं त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं. तिचा टाका असा की पान फाटेल पण शिवण उसवणार नाही. आरत्या, पाळणे, बी राखायच्या रीती अशी लहान लहान पुस्तकं निघत. नवं पुस्तक निघालं की धर्मराज माझ्या अंगावर थोपटायचा. त्या दिवसांत मी सुखी होतो, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, कारण त्या दिवसांतलं माझ्या अंगावर काही राहिलेलं नाही.

मग धर्मराज एकदा धावड्याला गेला. तिथं बिरूमामा राहत. मेंढरं राखून म्हातारे झालेले, ढोलावर थाप टाकून ओव्या गाणारे. त्यांची गोजराबाईची ओवी त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होती. दुष्काळात सासरची मेंढरं घेऊन एकटी निघालेली गोजरा, रानं तुडवत भावाच्या घराकडे चाललेली. धर्मराज तिथंच राहिला, आणि मामा गात गेले तसं त्यानं तेलकट शाईनं थेट छापाच्या कागदावर उतरवून घेतलं. कच्चं लिहून पुन्हा पक्कं लिहावं एवढा कागद त्या दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांत कुणाकडे होता?

पुस्तक छापायला लागलं. एकेक पान माझ्यावर उतरवताना धर्मराज ती ओवी गुणगुणायचा, म्हणून मलाही ती ऐकू यायची. गोजरा टेकडी उतरली, गोजरानं कोकरू खांद्यावर घेतलं, असं मी तिच्याबरोबर चालत होतो. शेवटच्या पानाला मात्र कागदाच्या काळजीत तो गुणगुणायचं विसरला. पान त्यानं माझ्यावर उतरवलं, आणि कपाट उघडून बघितलं तर कागद संपलेला. हैदराबादहून कागद यायचं नाव नाही, आणि आष्टीच्या बाजारात दुकानदार पुस्तकाची वाट बघत होता. धर्मराजनं माझ्यावर डिंकाचं पाणी फिरवलं, म्हणजे अक्षरं टिकून राहतात, आणि मला भिंतीशी उभं केलं.

"शिव तू," तो नंदाबाईला म्हणाला. "ऱ्हायलेलं कागद आला की छापू."

"अव्हो, पर गोष्ट..."

"समदं पुस्तक तर हाय. एका पानानं काय बिघडतं?"

काही प्रती आष्टीला गेल्या, काही धावड्याला. धर्मराजकडचा दुसरा दगड तडकलेला, म्हणून नवं काम आलं की मलाच घासावं लागणार होतं. पण काम येत नव्हतं. मी भिंतीशी उभा राहिलो, गोजरा अंगावर घेऊन. ती काय करते आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं.

एका सकाळी कापसाचे अडते बद्रीनाथ आले. त्यांना पावत्या छापून हव्या होत्या, आणि कागदावरच्या सरकारी कंट्रोलच्या दिवसांतही त्यांनी कागदाचं बंडल स्वतःच पैदा करून आणलं होतं.

"जल्दी कर बाबा धर्मराज. उद्या बाजार हाय. बिलकुल उद्या."

धर्मराज माझ्याकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी आलेलं काम. तेवढ्यात दार अडवून बिरूमामा उभे राहिले. खांद्यावर ढोल, आणि घोंगडीत बांधलेलं ओझं. घोंगडी सोडली तर आत पुस्तकं. धावड्याला गेलेली सगळी.

"हे घे तुझं माघारी."

"काय झालं मामा? छपाई फुसकी आली का?"

"छपाई बेस हाय. मास्तरनं वाचून दाखवलं समद्या गावाला. गोजरा नदीशी आली. काय म्हणती ती नदीला?" आणि मामांनी तिथंच, घसा खाकरून, दोन ओळी टाकल्या:

*नदीबाई नदीबाई, दे गं मला वाट,*
*पल्याड भावाचं घर, अल्याड काळोख दाट.*

"मास्तरनं पान उलटलं. फुडं काय? पुठ्ठा! बाईमाणूस काळोखात उभी केली आन् तू पुस्तक शिवून मोकळा झाला?"

"कागद सरला मामा. लढाई चालू हाय तिकडं."

"लढाईचं आन् गोजराचं काय भांडण?"

"मंग तुम्ही गाऊन दाखवायचं की त्यांला ऱ्हायलेलं."

"गायलो न्हाई व्हय? तोंडातली गोजरा गेली घरी. भाकर बी खाल्ली तिनं. कागदातली उभीच हाय!"

बद्रीनाथ खो खो हसले. "म्हंजी एक बाई रानात उभी म्हणून माझ्या पावत्या बी उभ्याच ऱ्हायच्या का?"

मामा हसले नाहीत. त्यांच्यात, ओव्या गाणाऱ्यांत, रीत होती. ओवी उचलली की गोष्टीतल्या माणसाला घरी पोचवायचं, मगच ढोल जमिनीला टेकवायचा. तोवर दुसरी ओवी उचलायची नाही. आता ज्यांच्या घरी पुस्तक होतं त्या बाया म्हणत होत्या की आमच्या कोनाड्यात एक बाई उभी आहे, सांजेला दिवा लावताना मन लागत नाही. मामांनी त्यांच्याकडून पुस्तकं गोळा केली होती, आणि ढोल खांद्यावरून उतरवला नव्हता. म्हातारा माणूस, खांदा एका बाजूला कलला होता.

"अव्हो, दगडावर हाय ना ती," नंदाबाई हळूच म्हणाली.

"ह्याच्यावर?" मामा माझ्याजवळ आले. त्यांनी बोट माझ्या अंगावरून फिरवलं. "हितं पोचली का नदीपार?"

"पोचली मामा. पर हितं समदं उलटं असतं. कागदावर आलं की सरळ व्हतं."

"उलट्या पावलानं भावाच्या घरी जाती व्हय कुणी?" मामा बुचकळ्यात पडले. मीही पडलो.

नंदाबाईची नजर बद्रीनाथांच्या बंडलावर गेली. धर्मराजनं ती नजर ओळखली. "ते लोकाचे कागद हायेत," तो म्हणाला.

"हे मातर बराबर बोलला," बद्रीनाथ बंडल तिथंच ठेवून उठले. "मी उद्या सकाळी येतो. दगडाचं काय ते तुझं तू बघ. न्हाई जमलं तर दुसरीकडं देईन."

ते गेले. मामा उंबऱ्यावर बसले, ढोल मांडीवर धरून. धर्मराजनं मला आडवं केलं. वाळूचं भांडं आणलं. चिमूटभर वाळू माझ्या कडेला पडली, तशी त्यानं ती फुंकून टाकली. पुन्हा भांडं उचललं. पुन्हा ठेवलं. घासलं तर गोजरा जाणार. ते पान दुसरीकडे कुठंच नव्हतं, आणि कागदातली गोजरा उभी असताना मामा ती ओवी पुन्हा गाऊन देणार नव्हते. नाही घासलं तर काम जाणार, आणि कामाशिवाय खोली किती दिवस राहणार? त्यानं काय करावं, मला सांगता येत नव्हतं. मला आजवर घासलं जायची सवय होती. त्या दिवशी पहिल्यांदा नकोसं वाटलं.

नंदाबाई माघारी आलेली पुस्तकं उसवायला बसली होती. दोरा वाया घालवणं तिच्या जिवावर येई. हात रिकामे असले की ती जुनं उसवून दोरा गुंडाळून ठेवी. एका पुस्तकाची शिवण सुटली. वरचं जाड गुलाबी वेष्टन तिच्या मांडीवर उताणं पडलं. ती त्याकडे बघत राहिली.

"अव्हो," ती म्हणाली, "ह्याची आतली बाजू तर कोरी हाय."

धर्मराज उठला, आणि वाळूच्या भांड्याला पाय लागून वाळू खोलीभर झाली.

मग काय विचारता! मामाही उसवायला बसले. मेंढरांची लोकर कातरणारे ते हात, पण दोरा असा अलगद ओढत की नंदाबाईनं म्हटलं, "मामा, तुम्ही हितंच ऱ्हावा." "आन् मेंढरं तू राखशील व्हय गं?" मामा म्हणाले. धर्मराजनं माझ्यावरचा डिंक धुतला, रूळ फिरवला, आणि एकेक वेष्टन पालथं घालून माझ्यावर दाबलं. जाडाभरडा कागद. शाई कुठं फुटली, कुठं बसलीच नाही. पण अक्षरं निघाली. माझ्या अंगावरून गोजरा पुन्हा पुन्हा उठत होती, आणि तरी माझ्यावर होतीच. ही एकच बाई की अनेक, हे मला कळेना.

धर्मराज छापलेलं वाचायला लागला, तसा मामांनी त्याच्या तोंडापुढे हात धरला.

"हितं न्हाई. वाडग्यापाशी, मेंढरं कोंडतो तिथं, त्यांच्यापुढं वाचायचं. तिथून निघालती ती."

नंदाबाईनं सगळी पुस्तकं पुन्हा शिवली. मामा ती घेऊन गेले, आणि त्यांच्या मागोमाग धर्मराजही गेला असता, पण सकाळी पावत्या द्यायच्या होत्या. मग त्यानं मला घासलं. हळू घासलं. माझ्यावरून ती गेली.

धावड्याला मास्तरांनी ते पान वाचलं आणि मामांनी ढोल खाली ठेवला, एवढं नंतर मला ऐकू आलं. आष्टीला गेलेल्या प्रती मात्र विकल्या गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत.

पुढं मुलखात दंगाधोपा वाढला, रझाकारांच्या भीतीनं बाजार ओस पडले, आणि पोलिस ॲक्शनच्या आधीच धर्मराजनं खोली बंद केली. यंत्र विकलं. मला कुणी घेईना, म्हणून बैलगाडीत घालून हसनाबादला आणलं. आता मी अंगणात आहे. माझ्यावर घागरी ठेवतात, कधी कुणी लिंबू कापतं. लिंबाचा रस मला, चुनखडीच्या दगडाला, खातो, हे त्यांना कुठून माहीत असणार!

मी बसल्याजागी एकाच गोष्टीचा विचार करतो. शेवट माझ्या अंगावर इतके दिवस होता, आणि तो मी कधी ऐकलाच नाही. गोजरा नदीपार कशी गेली? भावानं दार उघडलं तेव्हा काय म्हणाला? मी तिला पोचवली की पुसली?

म्हणून मित्रांनो, एवढं मागतो. पुस्तक हाती आलं तर त्याला जपा, आणि कुणाला मध्येच उभं ठेवून ते मिटू नका. तुमच्या घरी, एखाद्या जुन्या पेटीत, गुलाबी वेष्टनाचं पुस्तक सापडलं तर मागचा पुठ्ठा उलटून बघा. कोरा असला, तर ते आष्टीच्या बाजारातलं समजा, आणि स्वतःच्या मनानं दोन ओळी रचून तिला नदीपार न्या. आणि तिथं फुटक्या शाईची अक्षरं असली, तर पुस्तक घेऊन हसनाबादला या. अंगणात या, माझ्यावरची घागर बाजूला ठेवा, आणि ते पान मला मोठ्यानं वाचून दाखवा.