सातशे रुपयांचे केस

नागपुरात मे महिन्यात पैसे देऊन डोक्यावर गरम हवा मारून घ्यायची, हे कामिनीमावशीला पटणं शक्यच नव्हतं. गरम हवाच पाहिजे तर गच्चीवर जाऊन उभं राहावं, पाच मिनिटांत केस वाळतात, सोबत मिरच्याही वाळतात, असं तिचं म्हणणं. मावशी भिवापूरची, म्हणजे मिरचीच्याच गावची. तिच्या बोलण्यात मिरची कुठून तरी येतेच.

पण बुकिंग तिच्या लेकीनं केलं होतं आणि लग्नही तिच्या लेकीचंच होतं. रितिका पुण्यात नोकरी करते. हळदीच्या फोटोंत घरातल्या बायका नीट दिसायला हव्यात, यावर ती ठाम होती. प्रताप नगरात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून भैरवीचं पार्लर आहे. तिथे तिनं हळदीच्या दिवशी सकाळी तिघींचा ब्लो ड्राय सांगून ठेवला: मावशीचा, यमुताईचा आणि माझा. प्रत्येकी सातशे, आगाऊ भरलेले. ते परत मिळत नाहीत हे कळल्यावर मावशीचा विरोध मावळला. पैसे वाया जाण्यापेक्षा डोकं दिलेलं बरं.

मी मात्र पैशांसाठी गेले नाही. मावशीला मी एका मोठ्या गोष्टीसाठी आधीच नाही म्हटलं होतं, आणि लहानशा गोष्टीसाठी पुन्हा नाही म्हणायचं जिवावर आलं.

ती मोठी गोष्ट अशी. आमच्या आजोळी नवरीला पहिलं तेल तिच्या मोठ्या मावशीनं शेजारच्या पाटावर बसून लावायचं असतं. आंब्याच्या पानानं, आधी डोक्याला, मग खांद्यांना, गुडघ्यांना, पायांना. तेल लावणारी सवाष्ण आहे की नाही हे आमच्यात कुणी विचारत नाही, नातं विचारतात. मावशी नसली तर तिची थोरली लेक लावते. रितिकाची मोठी मावशी म्हणजे माझी आई, प्रेमलता. ती गेल्या जूनमध्ये गेली. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं.

एप्रिलमध्ये मावशीनं फोन करून मला विचारलं, तेल तू लावशील का. मी नाही म्हटलं. अजून वर्ष झालेलं नाही, असं कारण दिलं. मावशीच्या सख्ख्या बहिणीला वर्ष झालेलं नाही, हे तिला मी सांगत होते. खरं कारण मी सांगितलं नाही. आईच्या पाटावर बसायची माझी तयारी नव्हती. मी तिथे बसले की तो पाट माझा झाला, आणि मग तिचं तिथे काही उरलं नाही, असं मला वाटत होतं. मावशी म्हणाली, "बरं. यमुताईले सांगीन." यमुताई ही आईची आणि मावशीची चुलत बहीण, पंचाहत्तरीची. नात्यानं तीही मावशीच. मला सुटल्यासारखं झालं. मी हळदीला येणार, मागच्या खुर्चीवर बसणार, जेवणार आणि घरी परतणार, असं ठरलं.

पार्लरमध्ये शिरल्या शिरल्या यमुताईनं भैरवीशी भाव करायला सुरुवात केली. तिचं म्हणणं, माझे केस निम्मे, तर पैसेही निम्मे घे. भैरवी गेली पंधरा वर्षं बायकांची डोकी हाताळते आहे. ती शांतपणे म्हणाली, "आजी, उलट तुमचेच हजार घ्यायला पाहिजेत. कमी सामानात जास्त दाखवा लागते." यमुताईला हे इतकं आवडलं की ती सगळ्यांत आधी खुर्चीत जाऊन बसली.

मावशी मात्र ड्रायर सुरू झाल्याबरोबर पर्स छातीशी धरून डोळे मिटून बसली. अर्ध्या तासानं भैरवीनं खुर्ची फिरवली तेव्हा तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. केसही थोड्या वेळानं तिच्यामागोमाग आले. "तुह्ये मावसाजी ओळखतीन का वं मले?" तिनं मला विचारलं. आवाजात काळजी होती, पण फारशी नाही.

मग माझी पाळी.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सवयीनं कुठल्याही गोष्टीबद्दल वाचून मगच तिच्या वाटेला जाते. आदल्या रात्री ब्लो ड्रायबद्दलही वाचलं होतं. तीन दिवस टिकतो म्हणतात. आमच्याकडच्या घामात तो फाटकापर्यंत टिकला तरी खूप, असा माझा हिशेब होता, आणि म्हणून सातशे रुपये ही उधळपट्टी, हा निकालही तयार होता.

भैरवीनं माझ्या केसांतला चिमटा काढला. जूनपासून तो बहुतेक वेळ तिथेच होता. तिनं काही विचारलं नाही. मान मागे टेकवून डोकं धुतलं, टॉवेलनं टिपलं, केसांचे चार भाग करून तीन वर बांधले आणि मानेकडच्या केसांपासून सुरुवात केली. गोल ब्रशवर एक बट घ्यायची, मुळापासून ओढायची, ड्रायर तिच्यामागून न्यायचा. प्रत्येक बटेला शेवटी थंड हवा द्यायची. तिनं सांगितलं की गरम हवेनं वळण येतं आणि थंड हवेनं ते थांबतं. यापलीकडे ती बोलली नाही. चाळीस मिनिटं माझ्या डोक्यावर कुणाचे तरी जाणते हात होते आणि मला त्या बदल्यात काहीही सांगायचं नव्हतं. गेल्या वर्षभरात हात धरून, खांद्यावर थोपटून विचारपूस करणारे पुष्कळ भेटले. त्यांचे उपकारच आहेत. पण प्रत्येकाला काहीतरी उत्तर द्यावं लागे. इथे नुसतं मान सरळ ठेवायचं काम होतं.

भैरवीनं खुर्ची अर्धवट फिरवली तेव्हा मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खूप वेळ बघत होती. आता ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि मी मनाची तयारीही केली होती.

"आता सगळे म्हणतीन, प्रेमलतासारखी दिसून राहिली," मावशी म्हणाली. "नाही दिसत. ताईचे केस एवढे चांगले नोतेच कधी."

अकरा महिन्यांत आईबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं. गेलेल्या माणसाचे सगळे अवगुणही त्याच्याबरोबर जातात आणि मग ते माणूस ओळखू येईनासं होतं. माझ्या आईचे केस खरोखरच विरळ होते, आणि त्यावरून दोघी बहिणींची आयुष्यभर चिडवाचिडवी चालायची. मी हसायला लागले. इतकी हसले की भैरवीला ड्रायर बंद करावा लागला, राहिलेली बट जळेल म्हणून.

निघताना तिनं नियम सांगितले. स्कार्फ बांधायचा नाही. हेल्मेट घालायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही. पारा पंचेचाळीसच्या वर होता. मी गाडी तिथेच सोडली आणि दोन गल्ल्यांसाठी आम्ही रिक्षा केली. एवढ्याशा अंतराला रिक्षा कशाला, असं रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा यमुताईनं त्याला आमच्या तीन डोक्यांची एकूण किंमत सांगितली. त्यानं पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत नेला. मागे आम्ही तिघी पाठ न टेकता बसलो होतो, वरातीला निघाल्यासारख्या. एका दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिलं, आणि रिक्षा पुढे गेल्यावर मान वळवून पुन्हा पाहिलं. केस वळले, उडाले, खाली आले. सातशे रुपयांबद्दलचं माझं मत तिथे डळमळलं, हे कबूल करायला हवं.

संध्याकाळी कार्यालयात पाच मोठे कूलर लावले होते. कूलरची हवा थंड असते पण ओली, आणि ओल्या हवेत ब्लो ड्राय खाली बसतो. त्यामुळे सगळ्या चांगल्या जागा पुरुषांना मिळाल्या, आणि आम्ही बायका भिंतीकडे पंख्याखाली, गरम पण कोरड्या हवेत, समाधानानं बसलो. मी ठरवल्याप्रमाणे मागची खुर्ची धरली. भेटणाऱ्या प्रत्येकीनं आधी केसांबद्दल विचारलं आणि मग आईबद्दल. हा क्रम मला सोयीचा वाटला. पहिल्या प्रश्नानं आवाज मोकळा होतो.

मग रितिका पाटावर येऊन बसली. तिच्या शेजारी तेल लावणारीसाठी दुसरा पाट होता. मावशी तेलाची वाटी घेऊन आली, यमुताई पाटावर टेकली, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही काय करून बसलो आहोत.

कोरड्या डोक्यानं नवरीला तेल लावायचं नाही. आधी नवरीच्या आईनं तेल लावणारीचं डोकं तेलानं भरायचं, अगदी कपाळावर ओघळ येईपर्यंत, आणि मग तिनं नवरीला लावायचं. रितिकाला हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी हळद म्हणजे पिवळे कपडे आणि फोटो. मावशीला जन्मापासून माहीत होतं, पण पार्लरच्या गडबडीत तिला आठवलं नाही, यमुताईलाही नाही. आणि तेलाचा विषय माझ्यापुरता संपलेला असल्यामुळे मी त्याचा विचारच केला नव्हता.

यमुताईनं दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा माझे केस डोक्यावर उभे राहिले, ती म्हणाली, आणि ते तुम्ही त्याच दिवशी झोपवता. तिनं पर्याय सुचवायला सुरुवात केली. तळहाताला लाव. पायाला लाव. मानेला लाव, तीही डोक्याला लागूनच असते. शेवटी ती दोन थेंबांवर आली, भांगात, बोटाच्या टोकानं. बायका हसत होत्या. रितिकाही पाटावरून म्हणाली की मम्मी, असू दे ना, दोन थेंब चालतील.

मावशी हसली नाही. वाटी हातात धरून उभी राहिली. तिनं सभोवार पाहिलं. तिची नजर माझ्यापर्यंत आली आणि पुढे गेली. तिनं मला एकदा विचारलं होतं, आणि आमच्या घरात एकदा नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारत नाहीत.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी माझे केस आले. दुसरा विचार असा आला की मी इथे गप्प बसले तरी सगळं होऊन जाईल. दोन थेंब लागतील, रितिकाच्या डोक्याला पान लागेल, फोटो निघतील. कुणी मला काही म्हणणार नाही. मी तिथे बसले तर आईची जागा जाईल, अशी मला भीती होती. आता माझ्या डोळ्यांसमोर ती जागा दोन थेंबांवर आली होती, आणि तिची घासाघीस चालली होती. मी बसले नाही म्हणून ती आईची राहणार नव्हती.

मी उठले. खुर्च्यांच्या रांगांमधून पुढे जायला बराच वेळ लागला असं मला वाटलं.

"यमुताई, उठ," मी म्हटलं. "मावशी, इकडे आण ते."

मावशीनं माझ्या केसांकडे पाहिलं. "इतके चांगले झाले वं."

"आण."

यमुताई तिच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं उठली. मी पाटावर बसले. तेल कोमट होतं, तिळाचं. पहिली धार टाळूवर पडली आणि भैरवीनं चाळीस मिनिटं उचललेलं सगळं हळूहळू खाली बसायला लागलं. मावशीनं वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तेल जिरवायला घेतलं. विधीला लागतं त्याहून बरंच जास्त. तिचा एक थेंब माझ्या कपाळावर पडला. तो तेलाचा नव्हता.

"रडू नको," ती मलाच म्हणाली. "तेल डोळ्यात जाईन."

"मी कुठं रडतेय?"

"सांगून ठेवलं."

मागून यमुताईनं विचारलं की पोरीला मालिशला बसवलंय का, नवरी तिकडे वाट पाहून राहिली. सगळ्या हसल्या आणि मावशीचे हात थांबले. ओघळ भुवयांपर्यंत आला होता. मी तो पुसला नाही. आंब्याचं पान तेलात बुडवलं आणि रितिकाच्या डोक्याला लावलं. मग खांद्यांना. गुडघ्यांना. क्रम मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

पायांपाशी वाकले तेव्हा रितिकाही खाली वाकली. तिनं फोटोवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, ताई, उद्या सकाळचं भैरवीकडे बुकिंग करू का तुझं? लग्नात पुढं उभं राहायचं आहे ना तुला माझ्याजवळ?

मी तिच्या दुसऱ्या पायाला पान लावलं.

"सातचं सांग," मी म्हटलं. "आणि दोनदा धुवावे लागतील म्हणावं."