भोंगामामाची साक्ष

भोंगामामाच्या आवाजाबद्दल शहरात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि उरलेलं निम्मं त्यानेच पसरवलेलं. तो शिंकला तेव्हा समोरच्या बेकरीतला फुगलेला पाव बसला, हे खोटं. पाव आधीच बसलेला होता. पण पाळण्यात असताना तो रडायला लागला की अख्खी गल्ली वेळेत कामावर पोचायची, हे खरं धरायला हरकत नाही. ते त्याची आईच सांगायची.

हा आवाज मामाने जन्मभर भाड्याने दिला. निवडणूक असो, सर्कस असो, कुणाचं हरवलेलं कुत्रं असो. कागद हातात द्या, मामा वाचणार, ते रेकॉर्ड होणार, आणि भोंगा लावलेली गाडी तेच दिवसभर गल्लोगल्ली ओरडत फिरणार. अर्थाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. "नळ कधी पाण्याची चव विचारतो का?" असं म्हणायचा.

एका निवडणुकीत तर दोन्ही पक्षांचं त्यानेच वाचलं. दोन्ही गाड्या एका चौकात समोरासमोर अडकल्या आणि मामाचा आवाज मामाच्याच आवाजाला चोर म्हणू लागला. दुसरा पहिल्याला लुच्चा म्हणे. लोक छपरांवर चढून ऐकत होते. मामा कोपऱ्यावर चहा पीत उभा. कुणीतरी विचारलं, "मामा, जिंकणार कोण?"

"मीच. हरणाराही मीच. तू चहाचे पैसे दे."

हा किस्सा तो वर्षानुवर्षं सांगत आला, आणि दर वेळी चौक थोडा मोठा होत गेला.

मामाने लग्न केलं नाही. बहीण अकाली गेली, तिचा मुलगा त्यानेच वाढवला. तो भाचा आता फ्रिज दुरुस्त करायचा आणि मास्तरबरोबर राहायचा. मास्तर शाळेत गणित शिकवायचा. दोघांचा संसार जुना झालेला, म्हणजे भांडण कसं सुरू होणार आणि कसं मिटणार हे दोघांनाही आधीच ठाऊक. मामाला त्यात काही वावगं वाटत नसे. फक्त चारचौघांत कुणी विचारलंच, तर तो भाच्याच्या फ्रिजबद्दल बोलू लागायचा.

पावसाळ्यापासून त्या घरात एक मुलगी आली होती, सात वर्षांची. बालकल्याण कार्यालयाने तात्पुरती पाठवलेली. मिळेल तो खाऊ उचलून कुठेतरी लपवून ठेवायची, म्हणून मामाने तिचं नाव पाडलं मुंगी. ती त्याला आजोबा म्हणायची आणि त्याच्या थापा तोंड उघडं टाकून ऐकायची.

एका दुपारी मामा तिथे बसून दोन गाड्यांचाच किस्सा रंगवत होता, तोच खालच्या रस्त्यावरून गाडी आली.

"लेकराला आई हवी! दोन बाप्यांच्या घरात लेकरू देणार का? माय-बापांनो, आपली पोरं वाचवा!"

मामाचाच आवाज. अशा जोडप्यांना मूल दत्तक देऊ नये, असा कायदा आणायचं एका पक्षाच्या मनात होतं, आणि त्यांचा कागद मामाने नेहमीसारखा एका दमात वाचून दिला होता. मुंगी बशीतली बिस्किटं मुठीत घेऊन टेबलाखाली गेली. ह्या गाडीला ती रोजच टेबलाखाली जात होती, हे मामाला त्या दिवशी कळलं.

गाडी लांब गेल्यावर टेबलाखालून प्रश्न आला, "आजोबा, मला कुणापासून वाचवायचं?"

"अगं, ते धंद्याचं बोलणं," मामा म्हणाला. "तसं काही नसतं."

"मग ओरडता कशाला?"

मास्तर उठून भांडी घासायला लागला. भांडी घासलेलीच होती. भाचा म्हणाला, "मामा, शुक्रवारी सुनावणी आहे. पोरगी राहते की जाते, ते त्या दिवशी ठरणार. नात्यातल्या कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं, की आमचं काही बरंवाईट झालं तर हिला मी बघेन. येशील?"

"येईन की. हा काय प्रश्न झाला?"

"प्रश्न झालाय," भाचा म्हणाला. "खिडकीतून ऐकू येतोय."

शुक्रवारी मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गेला. कार्यालयातल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मुंगीला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मामा उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार, मी ह्या भाच्याचा मामा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही होय! आठवडाभर माझ्या खिडकीखाली ओरडताय."

आणि सुनावणीचा दिवस म्हणून पक्षाने गाडी मुद्दाम त्याच इमारतीभोवती फिरवायला लावलेली, ती नेमकी आली. बाईंनी उठून खिडकी सताड उघडली.

"बोला. तो भोंगा पण बोलू दे, तुम्ही पण बोला. दोघांपैकी कुणाचं खरं धरायचं, तेवढं ठरवून द्या."

पहिल्या फेरीला मामाचं तोंड उघडलंच नाही. ज्याच्या शिंकेने पाव बसायचे तो माणूस सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत उभा. भाचा जमिनीकडे बघत होता. गाडी इमारतीला वळसा घालून परत आली.

"लेकराला आई हवी!" भोंगा म्हणाला.

"होती," मामा म्हणाला. "हिला होती. ती गेल्यावर तीन घरांनी हिला नेली. तिन्ही घरांत आई होती. तिघींनीही परत आणून सोडली. का, तर पोरगी अन्न लपवते."

"दोन बाप्यांच्या घरात लेकरू देणार का?"

"ह्या दोघांनी स्वयंपाकघरातला खालचा कप्पा रिकामा केला. घट्ट झाकणाचा डबा ठेवला. म्हणाले, लपवायचंच तर इथे लपव, मऊ पडणार नाही. आणि हा भाचा माझा. ह्यालाही बाप्यानेच वाढवला, तोही एकट्या. बिघडला असेल तर ते माझ्या माथी मारा."

"माय-बापांनो, आपली पोरं वाचवा!"

मामाने बटण सोडलं. "कुणापासून, असं तिने मला विचारलं होतं बाई. मी काहीतरी थाप मारली. माझ्यापासून, असं सांगायला हवं होतं."

बाईंनी खिडकी लावली. "साक्ष घेतली. निकाल सोमवारी."

मामा खाली उतरला आणि गाडीसमोर जाऊन उभा राहिला. पक्षाच्या माणसाने डोकं बाहेर काढलं. "मामा, आवाज तुझा, पण रेकॉर्डिंग आमचं. विकलेला बैल दावणीला परत येतो का?"

"बरं," मामा म्हणाला, आणि गाडीच्या मागे चालू लागला.

ह्यापुढचं ज्याला पटेल त्याने घ्यावं. प्रत्येक चौकात गाडी थांबली की मामाही थांबायचा. गाडी म्हणायची, आई हवी. मामा उघड्या गळ्याने म्हणायचा, होती. लोकांना जुना किस्सा आठवला, ते हसत छपरांवर चढले. "मामा, जिंकणार कोण?" म्हणून ओरडले. मामाने वर पाहिलं नाही. मग हसणं कमी झालं. कुणी पाणी आणून दिलं, कुणी केळ्याचं साल फेकून मारलं. एक म्हातारी दारातून म्हणाली, "अरे, घसा फाटेल!" संध्याकाळी तो फाटला. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर मामाने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. गाडी ओरडत पुढे निघून गेली.

सोमवारी निकाल लागला. मुंगी राहिली. कायद्याचं मतदान अजून व्हायचंय, म्हणजे मुंगीसारखी जी पोरं बाकावर बसून आहेत त्यांचं काय होणार ते अजून कुणाला माहीत नाही. गाडी फिरतेच आहे, मामाच्याच आवाजात. आता शहरात तो आवाज फक्त गाडीकडे उरलाय. डॉक्टरांनी सांगितलं, फार तर कुजबुजा.

निकालाच्या दुपारी मुंगी म्हणाली, "आजोबा, दोन गाड्यांची गोष्ट."

तिने कान त्याच्या ओठांशी आणला. मामाने गोष्ट सांगितली. चौक त्याने ह्या वेळी होता तेवढाच ठेवला. मध्येच खालून गाडी आली. मुंगीने टेबलाकडे बघितलं, पण कान हलवला नाही.

"मग जिंकलं कोण?"

ह्याचं उत्तर मामाच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार होतं. तो गाडी लांब जाईपर्यंत थांबला.

"अजून चाललंय," तो कुजबुजला.

मुंगी उठली आणि खालच्या कप्प्यातला डबा घेऊन आली. त्यातलं बिस्किट तिने आजवर कुणाला दिलं नव्हतं. एक काढून मोडलं, दोन्ही तुकडे नीट पारखले आणि लहान त्याच्या हातावर ठेवला.

"चहात बुडवून खा," ती म्हणाली. "नाहीतर घशाला लागेल."